बारभाईची शेती बुडतेच?

सामायिक पाण्याचा विषय निघाला की कुणीतरी ‘बारभाईची शेती, काय लागंल हाती’ ऐकवतोच. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाबद्दल हेच मांडलं. १९९४ मध्ये त्यांनीच दुरुस्ती केली, की हे व्यवस्था नसलेल्या कुरणापुरतं खरं. ती दुरुस्ती कोण वाचतो!

धुळे-नाशिककडची सामायिक सिंचनाची फड पद्धत बघा. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्याखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, विभागलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, तेही मिळून ठरवलेलं. पाणी कमी असलं, की एखादा फड पडीक. आणि शेताला पाणी मालक देत नाही, पाणी वाटायला नेमलेला पाटकरी देतो. विजेच्या पंपाशिवाय हे शतकानुशतकं चाललं. पुढे फड खिळखिळे झाले, त्यात नदीवर वर झालेल्या धरणांचा आणि वाढलेल्या विहिरींचा मोठा वाटा आहे.