पाणी तेवढंच, टक्का अर्धा

परभणीचा डिसेंबर, पहाटे पारा दहाच्या खाली, म्हणून भाच्यानं त्याच्या बॉल पायथनच्या टँकवर मोठा बल्ब लावला अन् सकाळीच मला फोन, "मामा, ह्युमिडिटी ६० वरून ३५ वर आली, रात्रीतून पाणी गेलं कुठं?" (साप आफ्रिकेतला, सरकारी नोंदणीचा, शेतातला धरून पाळला तर १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे.)

पाणी कुठंच गेलं नव्हतं. ह्युमिडिटी म्हणजे हवेतली ओल, अन् मीटरवरचा टक्का म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावते त्यातली किती भरलीय, एवढंच. २० अंशाला एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशाला ३० ग्रॅम. भांडं मोठं झालं, पाणी तेवढंच, मग टक्का पडणारच ना.

पठ्ठ्यानं दिवसभर फवारा मारला. दहा मिनिटं काटा चढायचा, मग परत खाली, कारण गरम हवा वरच्या जाळीतून निघून जायची अन् खोलीतली कोरडी आत यायची. खाली अंथरलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या भुशाचा) मात्र चिखल, अन् त्यावर बसून सापाच्या पोटाचे खवले सडतात हे वेगळंच. शेवटी बल्बपासून लांबची जाळी बरीचशी झाकली, पाण्याचं पसरट भांडं गरम बाजूला सरकवलं, आणि एका डब्याला भोक पाडून आत ओलं मॉस (शेवाळ) ठेवलं. गरम टोक ३२, थंड टोक २५-२६, साप त्याचं तो ठरवतो कुठं बसायचं.

मीटरवर मात्र माझा भरवसा नव्हता. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, मीटरसोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवायचं. आत बरोब्बर ७५ टक्के व्हायला पाहिजे. ह्याचा ६८ दाखवत होता! पण ओल नीट टिकली, म्हणून जानेवारीत कात निघाली ती मोज्यासारखी सलग, डोळ्यांवरच्या दोन टिकल्यांसकट.

मे महिन्यात सगळं उलटं. बाहेर ४२, तापमान वाढलं की थर्मोस्टॅट बल्ब बंद करतो पण थंड थोडीच करतो? तिथं आपला कूलरच कामाचा, कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं, गारवा अन् ओल दोन्ही एकदम. लाइट गेली की पंचाईत, मग गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवायची. ताईच्या फ्रीजरमध्ये आता कुल्फीशेजारी सापाच्या दोन बाटल्या कायमच्या असतात.