पॉवर कॉर्डमध्ये गंधार नसतो, मग सोलोत कोणता घ्यायचा?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी (तारांचा घुमारा) लावली जात असताना कान देऊन ऐकावं. तारा जुळवलेल्या असतात पंचम आणि षड्जाला, बस्स. कारागीर घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे करतो आणि एका जागी कुणीही न छेडलेला गंधार घुमू लागतो. खर्जाच्या तारेतून मूळ सुराच्या पाचपट वारंवारितेचा जो अंश निघतो, तोच हा स्वयंभू गंधार. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कारागिरीला. सांगली-मिरजेत रॉक वाजवणाऱ्या मुलांनी हा तंबोरा जवळून ऐकावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांचा पॉवर कॉर्ड, म्हणजे गिटारच्या दोन-तीन तारा एकत्र छेडून काढलेला स्वरमेळ, हाही याच घडणीचा आहे. षड्ज, पंचम, हवा तर वर तार षड्ज. गंधार नाही.

तो का गाळला, हे आकडे सांगतात. गिटारची जाड तार मोकळी छेडली की ८२.४ हर्ट्झचा ई हा सूर मिळतो, तो षड्ज मानू. पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा (गिटारच्या दांडीवरच्या पट्टीवरचा) बी, म्हणजे पंचम, १२३.५ हर्ट्झचा. प्रमाण जवळजवळ २:३. ईचा तिसरा स्वरांश (तिप्पट वारंवारितेचा अंश) आणि बीचा दुसरा स्वरांश (दुप्पट) दोन्ही २४७ हर्ट्झपाशी येतात. त्यांच्यातला फरक इतका किरकोळ की त्यातून उठणारा डोल साडेतीन सेकंदांत एकदा येतो. आता तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवरचा जी शार्प, म्हणजे शुद्ध गंधार, त्यात मिसळा. सप्तकाचे बारा समान भाग पाडून फ्रेट बसवलेले असल्यामुळे हा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका चढा असतो. त्याचा दुसरा स्वरांश ४१५.३ हर्ट्झ, तर ईचा पाचवा ४१२. सेकंदाला तीनदा थरथर! स्वच्छ आवाजात ती खपून जाते. डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज) लावलं की नाही खपत.

डिस्टॉर्शनमध्ये ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात आणि आत गेलेल्या सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांमधून नवे सूर तयार होतात. ई आणि बीची वजाबाकी ४१ हर्ट्झ, म्हणजे पुन्हा ईच, एक सप्तक खाली. पॉवर कॉर्डला तो भारदस्तपणा इथून येतो. बेरीज येते २०५.९ हर्ट्झ, आणि हा सूर जी शार्पच्या अगदी लगतचा. म्हणजे इथंही गंधार आपोआप उगवतो, फक्त दबका. पूर्ण मेजर (शुद्ध गंधाराचा) किंवा मायनर (कोमल गंधाराचा) कॉर्ड घातला, तर या बेरजा-वजाबाक्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि आवाजाचा गाळ होतो.

गंधारच नसल्यामुळे कॉर्ड मेजर की मायनर हे ठरत नाही, म्हणून ‘पॉवर कॉर्डवर काहीही चालतं’ असं सर्रास सांगितलं जातं. एकाच कॉर्डपुरतं ते खरं आहे. पण कॉर्ड बदलू लागले की प्रत्येक जण आपले दोन सूर घेऊन येतो, आणि ते सूर एका ओळीत मांडले की निम्मं स्केल, म्हणजे सोलोत घ्यायच्या सुरांचा संच, तयार असतं.

ई-फाइव्ह (म्हणजे ईचा पॉवर कॉर्ड), जी-फाइव्ह, ए-फाइव्ह ही रॉकमधली नेहमीची चाल घ्या. ई-बी, जी-डी, ए-ई. एकूण सूर पाच : ई, जी, ए, बी, डी. ही ईची मायनर पेंटॅटॉनिक (पाच सुरांचं स्केल), एकही सूर कमी-जास्त न करता. आपल्या कानाला हे धानी रागाचे सूर. (राग म्हणजे नुसती सुरांची यादी नव्हे, चलनही असतं, इथं फक्त सूर घेतो आहे.) पण रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी चाल) ए या सुरावर येऊन विसावत असेल, तर त्याला षड्ज मानून हेच पाच सूर मधमाद सारंगाचे होतात. त्यात गंधारच नाही, त्यामुळे पॉवर कॉर्डशी त्याचं भांडण होत नाही. जीवर विसावलात तर भूप, डीवर दुर्गा. उरला बी : त्याला षड्ज मानलं की मालकंस. मालकंसात पंचम नसतो, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावतात. गिटारवरही तीच अडचण येते. बी-फाइव्ह वाजवलात की त्यातला एफ शार्प पाचांच्या बाहेरचा निघतो. म्हणून स्केल शोधण्याआधी घर शोधा. रिफ चारदा वाजवून थांबा आणि कोणत्या सुरावर ती पुरी झाल्यासारखी वाटते ते गुणगुणून पाहा.

कधी गंधार दुसऱ्याच कॉर्डचा पंचम होऊन येतो. ई-फाइव्ह, सी-फाइव्ह, डी-फाइव्ह यांत जी आला तो सीच्या पोटातून, आणि सी स्वतः ईचा कोमल धैवत. इथं नॅचरल मायनर (कोमल गंधार, धैवत, निषादाचं स्केल) घ्यावी, जी शार्पच्या वाटेला जाऊ नये. ई-फाइव्हला एफ-फाइव्ह लागून आला तर रिषभ कोमल झाला. मग भैरवी थाट, म्हणजेच फ्रिजियन, घेऊन बघा.

कस लागतो तो ए-फाइव्ह, जी-फाइव्ह, डी-फाइव्हमध्ये. सूर मिळतात फक्त ए, डी, ई, जी. गंधार सी की सी शार्प, याचं उत्तर कॉर्डमध्ये नाहीच. गायकाच्या चालीत गंधार असेल तर तो प्रमाण. नसेल तर निवड तुमची. सी घेतलात तर काफीचा रंग येतो, सी शार्प घेतलात तर खमाजचा. दोन्हींच्या मध्ये तार किंचित ओढून ठेवणं ही ब्लूजची खास लकब, आणि डिस्टॉर्शनच्या त्या दबक्या गंधारावर ती फार खुलते. सी शार्प एवर गोड लागतो, पण जी-फाइव्ह आला की तोच जीचा तीव्र मध्यम होतो. तिथं त्याच्यावर थांबू नका, एक फ्रेट वर डीवर सरका.