कोंडी वेगळी, ध्रुवीकरण वेगळं

अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, काही अडलं की 'दोन पक्षांचं पटत नाही' एवढं म्हणून आपण मोकळे होतो. कोंडी म्हणा की ध्रुवीकरण, एकच. मला हे खटकतं, कारण न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचं ग्रीनकार्ड ज्या विधेयकाच्या भरवशावर होतं, त्यात पक्षांचं भांडण नव्हतंच.

नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांत कुठल्याही एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. ही अट काढणारं विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. मतं दोन्हीकडची होती. सिनेटमध्ये ते मतदान न घेता, सर्वसंमतीने काढायचं ठरलं. पण त्या वाटेवर एका सदस्याने उठून 'माझी हरकत आहे' म्हटलं की विषय तिथेच थांबतो. कधी रिपब्लिकन उठला, कधी डेमोक्रॅट. अखेर २ डिसेंबर २०२० ला सिनेटने मंजुरी दिली, तीही बदललेल्या मसुद्याला. दोन्ही मसुदे जुळायच्या आत, ३ जानेवारी २०२१ ला, काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. आई-वडिलांच्या अर्जावर असलेली मुलं रांगेतच मोठी होतात आणि एकविशी ओलांडली की त्यांचं नाव गळू शकतं. बहिणीची मुलगी तेव्हा अठराची होती.

ही निखळ कोंडी. बहुमत असूनही काम होत नाही, कारण घोडं नियमापाशी पेंड खातं.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचंही तेच. सिनेटमध्ये चर्चा लांबवून तो अडवणारे मुख्यतः दक्षिणेतले डेमोक्रॅट होते आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन त्यांच्याच पक्षाचे. लांबलेली चर्चा थांबवायला तेव्हा दोन-तृतीयांश मतं लागत. १० जूनला मेंदूच्या गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल चाकाच्या खुर्चीतून आले. नाव पुकारल्यावर बोलता येईना, तेव्हा त्यांनी हात उचलून डोळ्याकडे नेला. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच, 'आय'. ७१ विरुद्ध २९. त्या ७१ मध्ये २७ रिपब्लिकन होते.

ध्रुवीकरण म्हणजे असं इकडचं-तिकडे होणं थांबतं. पक्ष कळला की मत कळतं. पण त्याने काम अडतंच असं नाही. २०२५ चं वर्ष घ्या. १ जुलैला ट्रम्प यांचं कर आणि खर्चाचं प्रचंड विधेयक सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० ने निघालं. बरोबरी उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी फोडली. एकही डेमोक्रॅट बाजूने नव्हता, तरी निघालं, कारण अर्थसंकल्पाच्या विशेष प्रक्रियेत साधं बहुमत पुरतं. १ ऑक्टोबरला त्याच सिनेटमध्ये, त्याच माणसांकडून, खर्चाचं साधं तात्पुरतं विधेयक निघेना. तिथे चर्चा थांबवायला १०० पैकी ६० मतं हवी होती आणि रिपब्लिकनांच्या जागा ५३. सरकार ४३ दिवस बंद राहिलं. विमानतळांवरचे हवाई वाहतूक नियंत्रक पगाराविना कामावर येत राहिले. विरोधी बाकांवरचे आठ जण वळले, तेव्हा सुटलं.

ध्रुवीकरणामुळे कोंडी जास्त वेळा होते आणि जास्त चिघळते, हे खरंच. ५३ चे ६० करायला माणसं सापडत नाहीत. पण एकावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. नेमणुकांसाठीची ६० मतांची अट आधी २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनी काढली आणि मग २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुरती रिपब्लिकनांनी. नेमणुकांची कोंडी बरीच सुटली, ध्रुवीकरण मात्र राहिलं. १९९३ मध्ये रूथ गिन्सबर्ग ९६ विरुद्ध ३ मतांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या होत्या. २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हनॉ झाले, ते ५० विरुद्ध ४८ ने.