उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रामागचे प्राध्यापक

निवडणुकीचे अर्ज भरून झाले की पेपरात बातम्या सुरू होतात. अमुक उमेदवाराची संपत्ती पाच वर्षांत दुप्पट झाली, तमुकवर इतके गुन्हे, पत्नीच्या नावावर इतके तोळे सोने. लोकसभा आणि विधानसभेपुरते बोलायचे तर हे सगळे ‘नमुना २६’ या प्रतिज्ञापत्रातून येते. प्रलंबित खटले, दोषसिद्धी, जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, देणी, शिक्षण असे एकामागून एक रकाने. पती-पत्नीचे वेगळे, अवलंबितांचे वेगळे.

२००२ पर्यंत मतदाराला यातले काहीच पाहायला मिळत नसे. ते मिळवून देण्याची लढाई कुठल्या पक्षाने लढली नाही. ती लढली अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी. त्रिलोचन शास्त्री ऑपरेशन्स रिसर्चचे, म्हणजे आकडे मांडून निर्णय कसा घ्यावा या शास्त्राचे. जगदीप छोकर शिकवत ते संस्थांमध्ये माणसे कशी वागतात हा विषय. साध्या कारकुनाच्या जागेलासुद्धा आपण शिक्षणाचे दाखले मागतो, चारित्र्याची चौकशी करतो. कायदे करणाऱ्याबद्दल मात्र काही विचारायची सोय नव्हती.

या मंडळींनी १९९९ मध्ये ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २ नोव्हेंबर २००० रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. केंद्र सरकार अपिलात गेले. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मधला.

पुढचे काही महिने मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलके वाटतात. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या निकालाविरुद्ध एका सुरात बोलू लागले. ऑगस्टमध्ये सरकारने अध्यादेश आणला. राष्ट्रपती कलाम यांनी तो परत पाठवला. मंत्रिमंडळाने तोच पुन्हा पाठवल्यावर त्यांना सही करावी लागली. पुढे त्याचा कायदा झाला. त्यातल्या कलम ३३ब चा मथितार्थ असा, की न्यायालयाने काहीही म्हटले असले तरी या कायद्यात आहे त्यापलीकडची माहिती देण्याचे बंधन उमेदवारावर नाही. प्राध्यापक पुन्हा न्यायालयात गेले, सोबत इतर संघटनाही होत्या. १३ मार्च २००३ रोजी ते कलम रद्द झाले.

पण प्रतिज्ञापत्रे जमा होणे वेगळे आणि ती वाचली जाणे वेगळे. हाताने लिहिलेली, कुठे अक्षर लागत नाही, कुठे नोटरीचा शिक्का नेमका आकड्यावर. ती एकेक वाचून, तक्त्यात भरून, मतदारसंघवार मांडायचे काम संस्थेने अंगावर घेतले. या कामात ना भाषण ना मोर्चा, नुसती चिकाटी. खरे संशोधन हेच, असे मी मानतो. त्यामुळेच आज आपल्याला सांगता येते, की गुन्हेगारी खटले जाहीर करणारे खासदार २००९ च्या लोकसभेत ३० टक्के होते, २०१४ मध्ये ३४, २०१९ मध्ये ४३ आणि २०२४ मध्ये ४६ टक्के, म्हणजे ५४३ पैकी २५१. आकडा घटला नाही, वाढला. माहिती उघड झाली की मत बदलेल, ही आशा अजून पुरी झालेली नाही, आणि त्याची खंत वाटते.

या कागदांचा उपयोग दूरवरही झाला. रेमंड फिसमन, फ्लोरियन शुल्झ आणि विक्रांत विग या बिझनेस स्कूलशी संबंधित अभ्यासकांनी ही प्रतिज्ञापत्रे घेऊन, निवडून आलेला आणि थोडक्यात हरलेला अशा जोड्यांच्या संपत्तीची तुलना केली. विजेत्यांची मालमत्ता दरवर्षी सरासरी ३ ते ५ टक्के अधिक वेगाने वाढलेली दिसली, आणि ही वाढ मुख्यतः मंत्रिपद मिळालेल्यांची होती. २०१४ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

रकाने कोरे सोडण्याची पळवाटही काही वर्षे चालली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही बुजवली. सांगण्यासारखे नसेल तर तसे स्पष्ट लिहायचे: ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’. आठवण करून देऊनही रकाना कोरा ठेवला तर अर्ज फेटाळता येतो.

निवडणूक रोखे म्हणजे देणगीदाराचे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याची योजना. त्याविरुद्धच्या याचिकाकर्त्यांमध्येही प्राध्यापकांची हीच संस्था होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरली. रोखे कोणी घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले याच्या याद्या मार्चमध्ये बाहेर आल्या, आणि पुन्हा कोणीतरी ओळ न् ओळ जुळवायला बसले. छोकर सप्टेंबर २०२५ मध्ये गेले. प्रतिज्ञापत्रे आता निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. आपल्या मतदारसंघाचे नाव टाकले की उघडतात.