डॅनिश भाषा, कुलवृत्तान्त-संशोधनातील

डेन्मार्कमधील चर्चच्या नोंदवह्या, जनगणनेचे तक्ते, लष्करभरतीच्या याद्या आणि वारसावाटपाची दप्तरे वाचण्यापुरती लागणारी डॅनिश. डॅनिश ही उत्तर जर्मानिक गटातील भाषा असून नॉर्वेजियन व स्वीडिश यांना जवळची आहे. आधी आधुनिक डॅनिशचे व्याकरण शिकावे आणि मग दप्तरांकडे वळावे, असे काही मार्गदर्शिका सुचवतात. तो क्रम फारसा उपकारक ठरत नाही. दप्तरांची भाषा ठरावीक साच्यांची आहे, तिचे शुद्धलेखन १९४८ पूर्वीचे आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचे अक्षर बहुतांशी गॉथिक वळणाचे, म्हणजे आजच्या लॅटिन (रोमन) अक्षरांहून वेगळ्या जुन्या धाटणीचे आहे. चांगली डॅनिश बोलणारा आजचा माणूसही अशा पानापुढे अडखळतो. उलट अक्षर लागलेल्या परक्याला मर्यादित शब्दसंग्रहावर बरेच काम साधते. या नोंदीत डॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे न देता कागदावरील अक्षरांना धरून देवनागरीत दिले आहेत.

लिपी व शुद्धलेखन : डॅनिश वर्णमालेत २९ अक्षरे आहेत. शेवटची तीन म्हणजे ‘ए’ आणि ‘ई’ यांचे जोडाक्षर, तिरकी रेघ मारलेला ‘ओ’ आणि माथ्यावर वर्तुळ असलेला ‘ए’. हे वर्तुळवाले अक्षर १९४८ च्या शुद्धलेखन-सुधारणेने अधिकृत झाले. त्यापूर्वी त्याऐवजी ‘ए’ दोनदा लिहीत. म्हणून जुन्या कागदात एकच गाव दोन रूपांत दिसते, आणि सूचीत आल्बोर्ग हे नाव आरंभी न सापडता शेवटी सापडते. १९४८ मध्ये हे अक्षर वर्णमालेत आरंभी ठेवले होते. १९५५ मध्ये ते शेवटी गेले, त्यामुळे मधल्या काळातील सूच्यांचा क्रम वेगळा असू शकतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांना १९८० पर्यंत एकच अक्षर मानून लावत, हेही सूची चाळताना लक्षात ठेवावे. याच १९४८ च्या सुधारणेने सर्वसामान्य नामे मोठ्या अक्षराने सुरू करण्याची पद्धत बंद केली. जुन्या वहीत मोठे अक्षर दिसले म्हणून शब्द विशेषनाम ठरत नाही. ‘स्मेड’ हे लोहाराचे आडनाव आहे की फक्त धंदा, हे आधीच्या व नंतरच्या नोंदी ताडूनच ठरते.

गॉथिक हस्ताक्षरात ‘ई’ आणि ‘एन’ जवळजवळ सारखे दिसतात. ‘यू’ वर काढलेली लहानशी कमान त्याला ‘एन’पासून वेगळे करते. मोठ्या ‘के’ आणि ‘आर’ची गफलत नेहमीची. ‘एम’ वा ‘एन’वर आडवी रेघ असेल तर ते अक्षर दुहेरी समजावे. व्यक्तिनावे आणि लॅटिन शब्द पुष्कळदा लॅटिन वळणात लिहिलेले असतात, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करावी. एका पाद्र्याच्या हाताची सुस्पष्ट नावे घेऊन त्यांतून त्याची स्वतःची वर्णमाला कागदावर उतरवून घेणे आणि मग अडलेला शब्द तिच्याशी ताडणे, ही रीत छापील नमुना-वर्णमालेपेक्षा भरवशाची आहे. पाद्री बदलला की तक्ता नव्याने करावा लागतो. शाळांतून लॅटिन वळण मुख्य ठरले ते १८७५ मध्ये. मात्र वयस्क लेखनिकांचा हात त्यानंतरही बदललेला दिसत नाही.

व्याकरण : डॅनिशमध्ये निश्चितवाचक उपपद नामाच्या शेवटी ‘-एन’ (ई-एन) किंवा ‘-एट’ (ई-टी) होऊन जोडले जाते. कोशात शब्द सापडत नसेल तर आधी हे शेपूट काढून पाहावे. षष्ठीचा ‘एस’ कोणत्याही चिन्हाशिवाय लागतो. जुन्या लेखनात क्रियापदाचे अनेकवचन वेगळे असे, म्हणून ‘ब्लेव’ऐवजी ‘ब्लेवे’ दिसते. ‘हान्स’ हा शब्द विशेष घातकी आहे : ते पुरुषाचे नाव आहे आणि ‘त्याचा, त्याची’ असाही त्याचा अर्थ होतो. ‘हान्स हुस्त्रू’ म्हणजे ‘त्याची बायको’. तिला हान्स नावाच्या इसमाची बायको समजून वंशावळीत नसलेला पुरुष घुसवल्याची उदाहरणे आढळतात.

नोंदीचा साचा : चर्च-नोंदवही म्हणजे किर्केबोग. ती ठेवण्याचा हुकूम चौथ्या क्रिस्टियानच्या कारकिर्दीत, १६४५–४६ मध्ये निघाला. काही ठिकाणी त्याआधीच्याही वह्या आहेत आणि कित्येक ठिकाणी आगीमुळे अठराव्या शतकापूर्वीचे काही उरलेले नाही. १८१४ च्या सुमारास छापील रकान्यांच्या वह्या आल्या व दोन प्रती ठेवणे सक्तीचे झाले. एक पाद्र्याकडे, दुसरी त्याच्या मदतनीसाकडे, आणि दोन्ही रात्री एका छपराखाली राहू नयेत असा दंडक होता. एक प्रत जळाली वा वाचता येत नसेल तर दुसरी मागवावी. दोहोंतील तपशिलात फरक आढळतो.

रकान्यांच्या वहीत ‘फोड्ट’ (जन्मला), ‘डोब्ट’ (बाप्तिस्मा झाला), ‘हियेमेडोब्ट’ (घरी बाप्तिस्मा दिला), ‘कोन्फिर्मेरेट’ (दृढीकरण झाले), ‘ट्रोलोवेट’ (वाङ्‌निश्चय), ‘विएट’ (विवाह), ‘डोड’ (मृत) आणि ‘बेग्रावेट’ (दफन) एवढे शब्द ठाऊक असले की बहुतेक पाने उलगडतात. १८१४ पूर्वी हेच सारे सलग मजकुरात, लॅटिनची भेसळ करून लिहिलेले असते, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत अनेकदा केवळ बापाचे नाव असते. अशा वेळी ‘फाडेरे’ म्हणजे धर्मपालक साक्षीदारांची यादी मोलाची ठरते. मूल चर्चमध्ये उचलून नेणारी स्त्री बहुधा जवळची नातलग असे आणि तिच्यावरून आईचे माहेर सापडू शकते. ‘उएग्टे’ म्हणजे विवाहबाह्य अपत्य, आणि ‘उडलाग्ट बार्नेफाडर’ म्हणजे बाप म्हणून आईने ज्याचे नाव सांगितले तो. हा दावा असतो, सिद्ध पितृत्व नव्हे. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने जाणत्या वयात श्रद्धेची कबुली देण्याचा विधी, १७३६ पासून सक्तीचे होते. १८१० नंतर दृढीकरणाच्या व विवाहाच्या नोंदीत देवीची लस टोचल्याची तारीख येते, आणि त्यावरून पूर्वीच्या गावाचा माग लागतो.

धंद्यावरून दर्जा कळतो. ‘गार्डमांड’ शेतवाडीचा धारक, ‘हुसमांड’ घर व थोडी जमीन असलेला, ‘इंडरस्टे’ दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहणारा. ‘आफ्टेग्ट्समांड’ म्हणजे शेत पुढच्या पिढीला देऊन त्याबदल्यात निर्वाह मिळवणारा म्हातारा. हा शब्द दिसला की शेत कोणाकडे गेले त्याचा करार शोधावा, त्यात मुलगा वा जावई बहुधा निघतो.

नावे : सामान्य डॅनिश माणसाला दीर्घकाळ कायम आडनाव नव्हते. पेडरचा मुलगा येन्स तो येन्स पेडरसेन, मुलगी पेडर्सडाटर. सरदारवर्गाला कायम कुलनाव घेण्याचा हुकूम १५२६ मधील, स्लेस्विगच्या डचीतील (ड्यूकच्या प्रदेशातील) फर्मान १७७१ चे आणि मूळ राज्यातील बाप्तिस्मा-अध्यादेश ३० मे १८२८ चा. या शेवटच्या अध्यादेशाच्या परिणामांबद्दल एकमत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला केवळ पाळण्यातले नाव न देता पुढे धारण करायचे कुलनावही द्यावे, असा त्याचा आशय होता. पण ज्या बापाला कुलनावच नाही त्याच्या मुलाला कोणते द्यायचे? येन्स पेडरसेनच्या मुलांना काही पाद्र्यांनी ‘येन्सेन’ दिले आणि तेच पुढे कायम धरले, काहींनी बापाचे ‘पेडरसेन’ दिले, काहींनी जुनाच क्रम चालू ठेवला. १८२८ ही सीमारेषा मानणारे अभ्यासक कायद्याच्या मजकुरावर भर देतात. जुनी पद्धत ग्रामीण भागात, विशेषतः युटलंडमध्ये, त्यानंतर बरीच वर्षे रेंगाळली असे मानणारे प्रत्यक्ष वह्यांवर भर देतात. १८५६ मध्ये कायम कुलनावाबद्दल पुन्हा बजवावे लागले, यावरून दुसऱ्या मताकडे झुकणे सयुक्तिक वाटते. व्यवहारात १८२८ ते सुमारे १८७० दरम्यानच्या प्रत्येक कुटुंबात सख्ख्या भावंडांची आडनावे वेगळी असू शकतात हे गृहीत धरावे. ‘-डाटर’ जाऊन मुलींनाही ‘-सेन’ लागू लागले तेही याच काळात. लग्नानंतरही बायको नोंदीत माहेरच्याच पितृनावाने येते, आणि शोधणाऱ्याची ती सोय आहे.

थोरल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचे, असा प्रघात होता, पण तो नियम नव्हे. विधुराने पुन्हा लग्न केल्यास पहिल्या मुलीला दिवंगत बायकोचे नाव देण्याची चाल मात्र बरीच पाळलेली दिसते. ‘क्रिस्टेन’ पुरुष, ‘किर्स्टेन’ स्त्री. ‘क्रिस्टेन’ आणि ‘क्रिस्टियान’ ही वेगळी नावे असूनही एकाच माणसासाठी दोन्ही येतात, आणि त्यांचे आद्याक्षर कधी ‘एक्स’ने लिहिलेले असते.

तारखा : जुन्या वह्यांत दिवसाऐवजी चर्चचा सण असतो. ‘डॉम. ३ पोस्ट ट्रिनिटाटिस’ म्हणजे त्रैक्य-रविवारानंतरचा तिसरा रविवार. जवळजवळ अर्धे वर्ष असे मोजले जाते आणि ते सारे ईस्टरवर अवलंबून असते, म्हणून त्या वर्षीच्या ईस्टरची तारीख आधी काढावी. त्रैक्य-रविवार ईस्टरनंतर ५६ दिवसांनी येतो. डेन्मार्कने १७०० मध्ये नवे पंचांग स्वीकारले. त्या वर्षी १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला. मात्र ईस्टर काढण्याची रीत रोमची घेतली नाही. प्रॉटेस्टंट जर्मन राज्यांप्रमाणे खगोलीय गणित वापरले गेले आणि ते १७७६ पर्यंत चालले. परिणामी १७२४ आणि १७४४ या वर्षी डॅनिश ईस्टर रोमन ईस्टरच्या एक आठवडा आधी आला. १७४४ चा डॅनिश ईस्टर २९ मार्चचा, म्हणून त्रैक्य-रविवार २४ मेचा व वरील रविवार १४ जूनचा. सर्वसाधारण ईस्टर-तक्ता ५ एप्रिल धरून २१ जून सांगतो. स्थिर सणांत ही अडचण नाही : किंडेलमिसे २ फेब्रुवारी, सांक्ट हान्स २४ जून, मिक्केल्सडाग २९ सप्टेंबर, मोर्टेन्सडाग ११ नोव्हेंबर. महिन्याऐवजी ७, ८, ९ व रोमन दहाचा आकडा लिहून पुढे ‘बर’ असेल तर ते अनुक्रमे सप्टेंबर ते डिसेंबर होत, जुलै ते ऑक्टोबर नव्हेत.

संख्या : मृत्यूच्या नोंदीत वय कधी अक्षरी असते. पन्नासपासून पुढील दशके विसाच्या पटीत मोजली जातात. ‘हाल्वट्रेड्सिंड्सटूवे’ म्हणजे अडीच विसा, पन्नास. साडेतीन विसा सत्तर आणि साडेचार विसा नव्वद. ‘हाल्व’ हा अंश पुढच्या संख्येतून अर्धा कमी करतो, त्यामुळे ‘हाल्वांडेट’ म्हणजे दीड आणि घड्याळातील ‘हाल्व ट्रे’ म्हणजे अडीच. त्याला साडेतीन समजू नये. एकक आधी व दशक नंतर, हा क्रम मराठी वाचकाला सहज जातो.

१७८७ आणि १८०१ च्या जनगणनेत पूर्ण झालेले वय दिले नसून चालू वर्ष दिले आहे. १ जुलै १७८७ ला ‘३०’ लिहिलेल्याचा जन्म जुलै १७५७ ते जून १७५८ दरम्यानचा समजावा. १८४५ पासून जन्मस्थानाचा परगणा (एका चर्चच्या हद्दीतला प्रदेश) मिळतो, आणि १९०१ पासून जन्मतारीखही.

नाती : बापाकडची व आईकडची नाती डॅनिशमध्ये वेगळी आहेत. फास्टर ही आत्या, मोस्टर मावशी, फारब्रोर काका, मोरब्रोर मामा. फारफार वडिलांचे वडील, मोरफार आईचे वडील. ‘टांटे’ व ‘ओंकेल’ हे शब्द आले की ही बाजू कळेनाशी होते.

प्रदेश : परगणा (सोग्न), त्यावर हेरेड, त्यावर आम्ट, हा पत्ता जुन्या, १९७० पूर्वीच्या विभागणीनुसार शोधावा. एकाच नावाचे परगणे अनेक आहेत, म्हणून हेरेडशिवाय नाव अपुरे असते. दक्षिण युटलंड १८६४ ते १९२० प्रशियन सत्तेत होते आणि तेथे १८७४ पासूनची मुलकी नोंदणी जर्मनमध्ये आहे. नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कशी जोडलेला असल्याने तेथील जुन्या वह्यांची लेखनभाषाही डॅनिशच आहे. भारतात तंजावर राज्यातील तरंगमबाडी १६२० ते १८४५ डॅनिशांकडे होती. जागेपोटी ते तंजावरच्या राजांना, त्यांत भोसल्यांनाही, वार्षिक रक्कम देत.

साधने : राष्ट्रीय अभिलेखागार ‘रिग्सआर्किवेट’ने वह्या व जनगणनेच्या प्रतिमा ‘आर्किवालियर ऑनलाइन’वर विनामूल्य ठेवल्या आहेत. १७०० ते १९५० मधील शब्दांसाठी ‘ऑर्डबोग ओव्हर डेट डान्स्के स्प्रोग’ हा २८ खंडांचा कोश जालावर खुला आहे. त्यात शब्द जुन्या शुद्धलेखनाने शोधावा, दोन ‘ए’ जोडून. त्यापूर्वीच्या शब्दांसाठी काल्करचा १३०० ते १७०० चा कोश पाहावा लागतो.