पाच मिनिटं आणि त्यानंतरचे तीन दिवस

१९७८ साली अमेरिकेत ५२ वर्षांच्या एका गृहस्थांची बायपास झाली. नंतर गुंतागुंत होऊन काही काळ त्यांच्या मेंदूला पुरेसं रक्त मिळालं नाही. जीव वाचला. बोलणं, समज, स्वभाव सगळं पूर्वीसारखंच होतं, फक्त नवीन काही लक्षात राहीना. वैद्यकीय लेखांत त्यांना ‘आर. बी.’ या आद्याक्षरांनी ओळखतात. पाच वर्षांनी ते वारले, तेव्हा त्यांच्या मेंदूचे बारीक काप तपासले गेले. बाकीचं नुकसान किरकोळ होतं. पण हिप्पोकॅम्पस या, नव्या आठवणी तयार करणाऱ्या मेंदूच्या भागातली ‘सीए१’ ही पेशींची पट्टी दोन्ही बाजूंना नष्ट झाली होती.

नेमकी हीच पट्टी का? आणि हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं, तर मेंदूत पुढे काय होतं?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू तो २० टक्के वापरतो, आणि साठवून काहीच ठेवत नाही. हृदय थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. काही मिनिटांत पेशींमधली ऊर्जा संपते, क्षार आत-बाहेर करणारे पंप बंद पडतात आणि ग्लुटामेट हे रसायन भरमसाट बाहेर सांडतं. त्यामुळे पेशींत कॅल्शियम घुसतं आणि त्यांची आतून मोडतोड सुरू होते. हा मारा सगळ्या भागांना सारखा सोसत नाही. सीए१, मेंदूचं बाह्य आवरण आणि लहान मेंदूतल्या काही पेशी फार नाजूक. श्वास चालवणारा मेंदूचा देठ त्या मानाने चिवट. म्हणूनच काही रुग्ण स्वतःहून श्वास घेतात, डोळेही उघडतात, पण त्यांना भान नसतं. हे पाहणाऱ्या नातेवाइकांची घालमेल शब्दांत मांडणं कठीण आहे.

या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा शोध १९८२ चा. जपानी शास्त्रज्ञ ताकाआकी किरिनो यांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग केले. जर्बिलच्या मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या रक्तवाहिन्या माणसासारख्या जोडलेल्या नसतात, त्यामुळे मानेतल्या दोन धमन्या दाबल्या की पुढच्या मेंदूचं रक्त तुटतं. किरिनोंनी ते पाच मिनिटं तोडलं आणि पुन्हा सुरू केलं. पहिल्या दिवशी सीए१ च्या पेशी बऱ्यापैकी ठीक दिसत होत्या. त्या मेल्या दोन ते चार दिवसांनी! रक्त परत आलं होतं, प्राणवायू मिळत होता, तरीही.

हृदय पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाबद्दल अतिदक्षता विभागात डॉक्टर ‘अजून थांबू या’ म्हणतात, तेव्हा ती टाळाटाळ नसते. मेंदूतली उलथापालथ अजून चालू असते, आणि गुंगीच्या औषधांमुळेही चित्र धूसर होतं. म्हणून बेशुद्ध रुग्णाबद्दलचं भाकीत किमान ७२ तासांनंतर करावं असा संकेत आहे, आणि तेही डोळ्यांच्या बाहुल्यांची उजेडाला मिळणारी प्रतिक्रिया, ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख), स्कॅन, रक्ततपासण्या यांचा मेळ घालून. एकाच तपासणीवरून आशा सोडणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

हे तीन दिवस हातात असतात, तर त्यात मेंदू वाचवता येईल का? २००२ मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन अभ्यासांत अशा रुग्णांचं शरीर ३२ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्याचा फायदा दिसला आणि ती पद्धत जगभर पसरली. २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांत फरक आढळला नाही. २०२१ च्या आणखी मोठ्या अभ्यासात, नुसता ताप येऊ न देणं आणि ३३ अंशांपर्यंत थंड करणं यांचे निकाल सारखेच आले. आज भर आहे तो ताप रोखण्यावर.

खरा फरक पडतो तो पहिल्या मिनिटांत. छाती दाबून नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश रक्तप्रवाह मिळतो, आणि मेंदूला तग धरायला तो मोलाचा ठरतो. जून २०२१ मध्ये फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन कोपनहेगनच्या मैदानात कोसळला. तिथेच छाती दाबून, शॉक देऊन त्याचं हृदय सुरू केलं गेलं. पुढच्या फेब्रुवारीत तो इंग्लंडमध्ये पुन्हा खेळत होता. आपल्याकडे असं कोणी कोसळलं तर १०८ ला फोन लावून, फोन स्पीकरवर ठेवून लगेच दाबायला सुरुवात करावी: छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल.

वाचलेल्या माणसाचं घरी आल्यानंतरचं जगणं मात्र फार दुर्लक्षित राहतं. हृदयाची तपासणी वेळेवर होते. विसराळूपणा, थकवा, चिडचीड यांना ‘धक्का बसलाय, होईल ठीक’ म्हणून सोडून दिलं जातं. पुष्कळ सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते. घरी सोडल्यावर तीन महिन्यांच्या आत स्मरणशक्ती, मनःस्थिती आणि थकवा तपासावा, असं युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तपासणीला जाताना जोडीदाराने सोबत असावं, कारण आपण काय विसरतो हे रुग्णाला स्वतःला अनेकदा ठाऊक नसतं. गॅस चालू राहिला होता, तोच प्रश्न सकाळपासून तीनदा विचारला, हे घरातलंच माणूस सांगू शकतं.