रायफलची गोळी : रचना आणि प्रकार

काडतुसातला लक्ष्यापर्यंत जाणारा भाग म्हणजे गोळी. पितळी पुंगळी मागेच राहते. गोळ्यांमधला फरक मुख्यतः तीन ठिकाणी असतो : शिशावरचे वेष्टण, टोकाचा आकार आणि बूड. यांपैकी वेष्टणाचा इतिहास सर्वांत वादग्रस्त आहे, आणि त्या वादाचे मूळ भारतात आहे.

पूर्वी रायफलची गोळी नुसत्या शिशाची असे. १८८६ मध्ये फ्रान्सने लेबेल रायफलसाठी धूर न करणारी दारू वापरात आणली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. नळीतल्या पेचदार खाचा गोळीला फिरकी देतात. पण या वेगाला मऊ शिसे त्या खाचांत सोलवटून नळीला चिकटू लागले. स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिन यांनी १८८२ च्या सुमारास तांब्याच्या वेष्टणाची गोळी तयार केली होती. नव्या दारूमुळे अशा गोळीला पर्याय उरला नाही. टोकासह शिसे झाकलेल्या या गोळीला पूर्ण वेष्टित गोळी म्हणतात. तिच्या बुडाशी मात्र शिसे बहुधा उघडेच असते.

ब्रिटिशांची थ्री नॉट थ्री रायफलची गोळी याच जातीची, बोथट टोकाची आणि सुमारे १४ ग्रॅमची होती. वायव्य सरहद्दीवरच्या १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ती शत्रूच्या शरीरातून आरपार जाते, पण त्याला रोखत नाही, अशी तक्रार झाली. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील दारूगोळा कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाकडचे वेष्टण थोडे कमी करून शिसे उघडे ठेवले. (१८५७ च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची कुजबूज याच दमदममध्ये उठली होती.) उघडे शिसे शरीरात शिरताच पसरते आणि मोठी, भयंकर जखम करते. ही ‘दमदम गोळी’ त्याच सरहद्दीवरच्या १८९७ च्या तिराह मोहिमेत पठाणांवर वापरली गेली. पुढे ब्रिटनमध्ये टोकाला पोकळी ठेवलेल्या गोळ्याही निघाल्या.

१८९९ च्या हेग परिषदेत शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला. ‘रानटी’ माणूस साध्या गोळीने थांबत नाही, असा युक्तिवाद ब्रिटिश प्रतिनिधी जॉन आर्डा यांनी केला. त्यातला वर्णद्वेष उघड आहे. शिवाय जाहीरनामा केवळ तो मान्य करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसातल्या युद्धापुरता होता; ज्यांच्यावर ही गोळी आधी चालली, त्या पठाणांना त्याने काहीच संरक्षण दिले नाही.

याच सुमारास टोकही बदलू लागले. जर्मनीने १९०५ मध्ये सुमारे १० ग्रॅमची अणकुचीदार गोळी स्वीकारली. हलकी, वेगवान आणि हवेचा रोध कमी असलेली ही गोळी अधिक सपाट मार्गाने जाते. ब्रिटिशांची मार्क सात गोळी १९१० ची. तिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम भरले असल्याने वजन बुडाकडे झुकते, आणि शरीरात शिरल्यावर ती कोलांटते. वेष्टण पूर्ण असल्याने ती नियमात बसली. जखम मात्र सौम्य झाली नाही. कायद्याने गोळीची घडण पाहिली, परिणाम पुरेसा पाहिला नाही, असे म्हणणे भाग आहे. पुण्याजवळच्या खडकी कारखान्यातही ही काडतुसे बनत. त्यांच्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ (किर्की फॅक्टरी) अशी इंग्रजी अक्षरे ठोकलेली आढळतात.

निमुळत्या बुडाची गोळी मागचा हवेचा ओढा कमी करते. त्याचा फायदा लांब पल्ल्यावरच जाणवतो. फ्रान्सची १८९८ ची ‘बाल डी’ टोकदारही होती आणि निमुळत्या बुडाचीही. मात्र लेबेलच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे साठवण्याच्या कप्प्यात, ती एकामागे एक बसत, आणि मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटवणाऱ्या टोपीवर, येण्याचा धोका होता. म्हणून पुंगळीच्या बुडावर टोक अडवणारी गोल खाच ठेवलेली असे.

नेमबाजी स्पर्धेच्या अनेक गोळ्यांच्या टोकाला बारीक छिद्र असते. ते पसरण्यासाठी नसते : वेष्टणाचे बूड बंद ठेवून शिसे पुढून भरतात आणि मग टोक आवळतात, तेव्हा ते उरते. बूड एकसारखे राहिल्याने नेम सुधारतो. शिकारीच्या गोळ्या मात्र मुद्दाम पसरणाऱ्या असतात, कारण जनावर लवकर मरावे, जखमी होऊन भटकू नये.

शिकारीनंतर उरलेल्या अवशेषांतले शिसे गिधाडांच्या पोटात जाते. कॅलिफोर्नियात काँडोर या गिधाडांना त्यातून विषबाधा होत असल्याने १ जुलै २०१९ पासून तेथे शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा पूर्ण बंद झाला. त्याची जागा बहुतांशी तांब्याच्या गोळीने घेतली. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि ती स्थिर राहायला नळीतल्या खाचांचा पीळ अधिक घट्ट लागतो.